व्हीआरमध्ये सीन बदलायला काळा फेड नको, शरीराची हालचाल हवी. कशी बसवावी?

कोनाडा

नमस्कार मंडळी,

सध्या एका व्हीआर अनुभवावर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून बघायच्या आभासी जगावर, काम चालू आहे. विषय आहे एक झाड. बघणारा आधी झाडाखाली उभा असतो, मग मुळांच्या जगात उतरतो, तिथून खोडाच्या आत जातो आणि शेवटी शेंड्यावर पोचतो. म्हणजे जागा चार, बदल तीन.

आत्ता प्रत्येक बदलाला काळा फेड आहे. अंधार होतो, क्षणभराने समोर नवीन जग येतं. मळमळ कुणाला होत नाही, फ्रेम गळून चित्र अडखळत नाही, सगळं नियमात आहे. तरीही लोक नवीन जागी गेलेत असं वाटत नाही, कुणीतरी उचलून तिथे ठेवल्यासारखे दिसतात. फेड संपला की बरेच जण आधी हातातल्या कंट्रोलरकडे बघतात, आपल्याकडून काही दाबलं गेलं का म्हणून. एका बाईंना तर हेडसेटच बंद पडला असं वाटलं, त्या तो काढायलाच निघाल्या होत्या.

म्हणून असा विचार आहे की बदल माणसाच्या अंगानेच घडवावा. खाली बसलं की मुळं. खोडाला ढोली आहे, तिच्यात डोकं घातलं की खोडाचा आतला भाग. दोन्ही हात वर ताणले की शेंडा. कागदावर झकास दिसतंय. पण नेमका कुठल्या क्षणी सीन बदलायचा? कुणी नुसतं बुटाची नाडी बांधायला वाकलं तर? आणि ज्याला खाली बसताच येत नाही त्याचं काय? कुणी असं काही केलं असेल तर सविस्तर लिहा.

नाकासमोर

एक बटण द्या की राव. अंगठा दाबला, पुढचा सीन. माणसाला उठाबशा काढायला लावून काय मिळणार?

विंगेतला

मी नाटकांची प्रकाशयोजना करतो, व्हीआरमधलं फार कळत नाही, पण फेडबद्दल बोलू शकतो. नाटकात ब्लॅकआउट चालतो, कारण प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो. अंधारातही त्याला खुर्ची जाणवते, शेजारचा माणूस खोकतो, आपण कुठे आहोत हे पक्कं असतं. हेडसेटमध्ये अंधार केलात की जगच गेलं, खुर्ची कसली राहतेय. त्यामुळे त्या बाईंचं काही चुकलं नाही.

आमच्याकडे दुसरी युक्ती असते. पुढच्या प्रवेशाचा आवाज आधी सुरू करायचा आणि प्रेक्षकाचं लक्ष एखाद्या हालचालीवर असताना प्रकाश बदलायचा. पात्र वळतं त्या वळण्यात बदल खपून जातो. पात्र स्थिर उभं असताना तोच बदल केला तर डोळ्यात खुपतो.

तिसराडोळा

@नाकासमोर, बटणाला माझा विरोध नाही, ते पर्याय म्हणून असायलाच हवं. पण कोनाडा यांची अडचण वेगळी आहे. बटण दाबल्यावर शरीराला काहीच होत नाही आणि डोळ्यांना मात्र जागा बदललेली दिसते. त्या दोघांची सांगड कुणीच घालून देत नाही. तेवढ्याने माणूस आजारी पडत नाही, पण बिथरतो.

ही कल्पना जुनीच आहे. १९९५ साली शार डेव्हिस यांनी 'ऑस्मोस' नावाची व्हीआर कलाकृती केली होती. अंगात सेन्सर लावलेलं जाकीट असायचं. श्वास घेतला की वर, सोडला की खाली, आणि तोल ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला सरकायचं. त्या पाणबुड्यासारखं डायव्हिंग करायच्या, तिथूनच हे आलं. गंमत म्हणजे तिच्यातही मधोमध झाडच होतं, पान होतं, जमिनीखालचा भागही होता. कोनाडा, तुम्ही मोठ्या परंपरेत आहात!

त्याच्याही आधी, १९९४ मध्ये, मेल स्लेटर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा प्रयोग केला होता की आभासी जगातच एक आभासी हेडसेट पडलेला असतो, तो उचलून डोक्याला लावला की आणखी एक पातळी आत. व्हॉल्व्ह कंपनीच्या 'द लॅब' या व्हीआर खेळात (२०१६) पुढचं जग एका गोळ्यात दिसतं, तो हातात घेऊन तोंडाजवळ आणला की तुम्ही आत. या दोन्हींत एक साम्य बघा. बदल हाताने ओढून आणायचा आहे. अर्ध्यावर नको वाटलं तर हात मागे घेता येतो. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. हालचालीने सीन बदलायचा म्हणजे हालचाल ओळखून मग फेड चालवायचा असं नव्हे. तसं केलं तर ते बटणच झालं, फक्त दाबायला अवघड. बदल किती झाला हे हालचाल किती झाली यावर अवलंबून हवं, घड्याळावर नाही.

तुमच्या मुळांच्या सीनपुरतं सांगतो. डोक्याची उंची हाच सरकपट्टीचा दांडा समजा. उभं असताना जमीन ठोस. थोडं वाकलं की माती किंचित पारदर्शक, आणखी खाली गेलं की मुळं दिसू लागतात, पूर्ण खाली बसलं की माती नाहीशी. मध्येच उठलं तर सगळं उलट. नाडी बांधणाऱ्याचा प्रश्नही इथेच सुटतो. त्याला चुकून मुळं दिसतील, तो 'अरेच्चा' म्हणेल आणि उठेल. काही बिघडलं नाही.

कोनाडा

@विंगेतला, @तिसराडोळा, मनापासून आभार. 'ऑस्मोस'बद्दल ऐकून होतो, पण त्यात झाड आहे हे माहीत नव्हतं. आता मूळ कल्पना आपलीच असल्याचा आव आणता येणार नाही.

एक शंका. माणूस खाली बसतो तेव्हा डोकं जेमतेम अर्धा-पाऊण मीटर खाली येतं. मला तर तीन-चार मीटर खोल उतरल्यासारखं दाखवायचंय. कॅमेरा, म्हणजे बघणाऱ्याची नजर, जास्त वेगाने खाली नेऊ का? की कॅमेरा तसाच ठेवून जमीन वर आणू?

अर्धवर्तुळ

पेशाने कान-नाक-घसा डॉक्टर, चक्कर येणारे पेशंट रोजचे, म्हणून तोंड घालतो.

जमीन वर आणली काय नि कॅमेरा खाली नेला काय, डोळ्यांना एकच. दोन्हींत दिसणारी सगळी दृश्यं वर सरकतात आणि मेंदू समजतो की आपण खाली चाललोय. शेजारची गाडी हलली की आपलीच सुटली असं वाटतं, तोच हा भास. याला व्हेक्शन म्हणतात. त्याच वेळी आतल्या कानातले ओटोलिथ (हालचाल आणि झुकाव ओळखणारे बारीक खडे) सांगत असतात की फक्त अर्धा मीटर खाली आलोय. हा जो बेबनाव होतो, तोच प्रवासात किंवा हेडसेटमध्ये मळमळण्याचं कारण मानला जातो.

पण त्यात एक सूट मिळते. माणूस स्वतः हलत असताना थोडा फरक त्याच्या लक्षात येत नाही. वळण्यात तर बऱ्यापैकी फरक खपतो. उभं राहून स्थिर बघताना मात्र काहीच खपत नाही.

आणखी एक सांगतो, हे महत्त्वाचं आहे. माणूस वाकत असताना जग गोल फिरवू नका. चारही बाजूंचं दृश्य आडवं फिरतंय आणि त्याच वेळी डोकं खाली झुकतंय, हे मिश्रण भल्याभल्यांना आडवं करतं. मुळं वेटोळी घेत उगवताना दाखवायची असतील तर माणूस खाली बसून स्थिर झाल्यावर दाखवा, आणि तीही सगळीकडून नाही, समोरच्या एका भागात.

तिसराडोळा

@अर्धवर्तुळ म्हणतात त्या सुटीचे आकडे उपलब्ध आहेत. लहान खोलीत मोठं जग चालवता यावं म्हणून २००१ मध्ये रझाक आणि सहकाऱ्यांनी 'रिडायरेक्टेड वॉकिंग' आणलं. म्हणजे माणसाला कळू न देता त्याची वाट वळवायची. किती वळवलं तर कळत नाही हे २०१० मध्ये स्टाइनिके आणि सहकाऱ्यांनी मोजलं. आभासी वळण जेवढं दिसतं त्याहून माणसाला प्रत्यक्षात ४९ टक्के जास्त किंवा २० टक्के कमी वळवता येतं. चालण्यातलं अंतर १४ टक्के कमी ते २६ टक्के जास्त दाखवता येतं. सरळ चालतोय असं वाटणारा माणूस प्रत्यक्षात किमान २२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर चालवता येतो.

पण हे वळण्या-चालण्याचे आकडे आहेत, खाली बसण्याला जसेच्या तसे लावू नका. आणि अर्ध्या मीटरचे चार मीटर म्हणजे आठपट, ते कुठल्याच हिशेबात बसत नाही.

डोळे मिटलेल्या क्षणाचाही वापर होतो. २०१८ मध्ये लांगबेन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पापणी लवते तेवढ्या वेळात माणसाला ४ ते ९ सेंटिमीटर सरकवलं किंवा २ ते ५ अंश फिरवलं तरी त्याला पत्ता लागत नाही. 'बिफोर युवर आईज' या गेममध्ये तर पापणी लवली की काळच पुढे सरकतो. पण तिथे ती कथेचीच अट आहे. पापणी माणसाच्या हातात नसते, त्यामुळे हवा असलेला क्षण निसटून जातो. तिथे ती हळहळ हवीच आहे, तुमच्या झाडात ती कशाला?

खोलीचं उत्तर असं की अंतर वाढवू नका, माप बदला. अर्धा मीटर खाली आलेल्या माणसाला अर्धाच मीटर खाली आणा, पण खालचं जग मोठ्या मापाचं ठेवा. मुळाची जाडी माणसाच्या मांडीएवढी, मातीचा कण मुठीएवढा. आपण खूप खोल आलोय असं त्याला वाटेल, खरं तर तो लहान झालेला असेल. कानाला तक्रार करायला जागाच नाही.

भिरभिरं

वाचनखूण साठवली. हे माप बदलायचं प्रकरण भारी आहे.

नाकासमोर

बरं, खाली बसला, मुळं दिसली. आता? माणूस काय तसाच उकिडवा बसून राहणार? उठला की तुमच्याच नियमाने मुळं गायब!

तिसराडोळा

@नाकासमोर, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

प्रत्येक हालचालीला परतीची हालचाल असते. वर केलेला हात खाली येतोच. बसलेला उठतोच. पुढे झुकलेला मागे येतोच. हे डिझाइनमध्ये धरलंच जात नाही आणि मग जातानाचा बदल सुरेख, पण परत येताना गोंधळ. म्हणून बदलाला दोन टप्पे ठेवा. तळापर्यंत जाताना तो मोकळा असतो, हवं तर माघार घ्या. तळाला क्षणभर टेकलं की बदल कुलूपबंद होतो. त्यानंतर उठलं तरी मुळांचं जग तसंच राहतं, आणि त्या जगाचं छत उभ्या माणसाला पुरेल एवढं उंच आधीच बांधून ठेवलेलं असतं.

यातून पुढचा नियम आपोआप निघतो. एका जगातून बाहेर पडायची हालचाल ही आत येण्याच्या परतीसारखी असता कामा नये. बसून आत आलात तर उठून बाहेर जायचं नाही. तुमच्याकडे सुदैवाने मुळांतून खोडात जायला ढोली आहे, म्हणजे पुढे झुकणं. त्याची परत मागे येणं. खोडातून शेंड्यावर हात वर करून. त्याची परत हात खाली. तिन्ही वेगळ्या, कुठेच टक्कर नाही. क्रम असाच ठेवा.

उंबरठा मात्र दोन आकड्यांचा हवा. समजा, उभ्या उंचीच्या ६५ टक्क्यांखाली गेलं की कुलूप लागतं, तर माघार ८० टक्क्यांवर पूर्ण झाली असं धरायचं. एकच आकडा ठेवलात तर त्या रेषेवर डोकं जरा हललं तरी सीन लुकलुकत राहील.

पायरी

उभ्या उंचीचे टक्के म्हणताय, पण उभ्या कुणाच्या? मी व्हीलचेअर वापरते. पुष्कळ व्हीआर अनुभव मला सुरुवातीलाच बुटकी ठरवतात. काहींमध्ये मी पहिल्या सेकंदापासून 'खाली बसलेली' असते, त्यामुळे सगळे बदल माझ्यासाठी आधीच घडून गेलेले असतात!

उंची आधी गृहीत धरू नका. अनुभव सुरू झाल्यावर माणूस शांतपणे इकडेतिकडे बघत असतो तेव्हा त्याच्या डोक्याची जी उंची येते, तोच पाया. खाली बसण्याऐवजी मान खाली घालून मातीकडे बघत राहणं किंवा हात गुडघ्यांच्या खाली नेणं हेही चालवा. तेही शरीरच आहे. आणि कृपा करून हा पर्याय सेटिंगच्या कुठल्यातरी कोपऱ्यात पुरू नका. तिन्ही हालचाली एकाच वेळी ऐकत राहायच्या, जी आधी पूर्ण होईल ती खरी. म्हणजे मला 'मी वेगळी' असं जाहीर करावं लागत नाही. गुडघे दुखणारे, गरोदर बायका, लहान मुलं, सगळ्यांनाच ते उपयोगी पडतं.

हात वर ताणण्याबद्दलही तेच. दोन्ही हात डोक्याच्या वर कितीतरी जणांचे जात नाहीत. एका हातावर भागवा, आणि 'वर' म्हणजे त्या माणसाच्या आत्तापर्यंतच्या हालचालींच्या मानाने वर.

कोनाडा

@पायरी, हे थेट कामाच्या यादीत टाकलंय. तिन्ही एकाच वेळी ऐकण्याची कल्पना माझ्या डोक्यातही आली नव्हती.

फ्रेमगळती

आता अंमलबजावणीची बाजू, कारण कल्पना सुंदर असतात आणि हेडसेटचा प्रोसेसर बिचारा असतो.

माती पारदर्शक होत असताना तुम्हाला दोन्ही जगं एकाच वेळी काढावी लागणार. त्यात पारदर्शकता म्हणजे एकाच पिक्सेलवर अनेकदा रंगकाम. स्वतंत्र (संगणकाला न जोडलेल्या) हेडसेटवर सेकंदाला ७२ किंवा ९० फ्रेमचं बजेट तिथेच संपतं. अर्धपारदर्शक ठेवूच नका. ठिपक्याठिपक्यांनी माती गाळत न्या, म्हणजे प्रत्येक पिक्सेल एकतर मातीचा किंवा मुळांचा. तसंही माती म्हटल्यावर कणाकणाने विरणं शोभूनच दिसेल.

दुसरं, युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर पुढचा सीन आधीच पार्श्वभूमीत लोड करून ठेवा आणि त्याचं सक्रिय होणं रोखून धरा. लोडिंगचा आकडा ०.९ वर येऊन थांबतो, घाबरू नका, तो सक्रिय व्हायची वाट बघत असतो. पण सक्रिय होताना झटका बसतो आणि तो झटका नेमका माणूस वाकत असताना बसला तर वर लिहिलेलं सगळं मुसळ केरात. त्यामुळे चारही जागा एकाच सीनमध्ये ठेवणं परवडत असेल तर तेच करा.

तिसरं, ढोली. इथे खरी मजा आहे. तुम्ही ढोलीच्या तोंडावर एक सपाट पोर्टल लावणार, पलीकडे खोडाचं आतलं जग. सरळ नाकासमोर आत गेलं तर ठीक. पण माणूस ढोलीत डोकावतो तेव्हा बहुधा मान तिरकी करून डोकावतो. मग एक डोळा पडदा ओलांडून आत, दुसरा अजून बाहेर. दोन डोळ्यांत साधारण ६३ मिलिमीटरचं अंतर असतं, तेवढा काळ उजव्या डोळ्याला खोडाचा आतला भाग आणि डाव्याला बाहेरची साल. मेंदू दोन्हींत हेलकावे खातो, बघणाऱ्याला नुसतं 'डोळ्यात काहीतरी गेलं' असं वाटतं. स्क्रीनवर तपासताना हे कधीच दिसणार नाही, कारण तिथे एकच डोळा असतो.

उपाय असा. पोर्टलला जाडी द्या. ढोलीचं तोंड म्हणजे एक छोटा बोगदा करा, त्याच्या आतल्या भिंती दोन्ही जगांत हुबेहूब सारख्या. दोन्ही डोळ्यांसमोर त्या भिंतीच असताना मधल्या बिंदूवरून निर्णय घ्या आणि दोन्ही डोळे एकदम पलीकडे न्या. भिंती सारख्याच, त्यामुळे काही बदललं हे दिसतच नाही.

विंगेतला

हे तर सरळसरळ आमच्या विंगेचं काम आहे!

भिरभिरं

एक सुचवू? हातांनी डोळे झाकले की सीन बदलायचा. अगदी नैसर्गिक हालचाल आहे, आणि झाकलेले असताना काहीही बदला, कोण बघतंय!

फ्रेमगळती

@भिरभिरं, ऐकायला गोड आहे, पण हेडसेटचे ट्रॅकिंगचे कॅमेरे त्याच्या तोंडावरच असतात. तळहात तिथे आले की हातांचा माग सुटतो, आणि कॅमेरे पुरते झाकले गेले तर डोकं कुठे आहे तेही कळत नाही. आतला जायरो (वळणं मोजणारा सेन्सर) कोन सांभाळतो, जागा मात्र भरकटते. हात काढल्यावर जग दोन वीत बाजूला उडी मारतं. करायचंच असेल तर हात चेहऱ्याकडे येताना, कॅमेऱ्यांना दिसत असतानाच ओळखा आणि अंधार आधीच करा. हात अर्ध्या फुटावर आले की काम उरकलेलं हवं.

कोनाडा

मधल्या काळात बऱ्याच जणांना दाखवून झालं. नोंदी टाकतो.

मुळांचा सीन डोक्याच्या उंचीला बांधला. कुलूप कुठे लावायचं याचे दोन प्रकार करून बघितले. एकात वाकणं ऐन वेगात असताना, @विंगेतला यांच्या सल्ल्याप्रमाणे. दुसऱ्यात तळाला टेकल्यावर. वेगात लावलं तेव्हा बदल डोळ्यांना खटकला नाही, पण लोक अर्धवट वाकलेल्या अवस्थेत थिजले. काम झालं हे कळल्यावर पुढे खाली जायचं कारणच उरलं नाही ना! कंबरेत वाकून, हात हवेत, असे उभे. तळाला लावलं तेव्हा लोक खाली बसले आणि बसूनच राहिले. एका आजोबांनी मुळाला हात लावायला हात पुढे केला, मग दुसरा हात खऱ्या जमिनीवर टेकवला आणि म्हणाले, 'इथे ओल नाही होय?' तळाचंच ठेवलंय.

वळताना बदल लपवायचा असेल तर @विंगेतला यांचं बरोबर असावं. पण इथे लपवायचं काही नाही, बदल दिसायलाच हवाय.

ढोलीला बोगदा केला. @फ्रेमगळती, तुमचं ते 'डोळ्यात काहीतरी गेलं' शब्दशः ऐकलं होतं, आता ऐकू येत नाही. पण नवीन भानगड अशी की लोक ढोलीत डोकं घालतात आणि पाय जागचे हलवत नाहीत. डोकं खोडात, धड बाहेर. मग मागे सरकले की पुन्हा मुळांत.

तिसराडोळा

म्हणजे परतीची हालचाल पुन्हा आलीच. तिथेही कुलूप लावा, पण पूर्ण आत गेल्यावर आणि मानेऐवजी छातीच्या अंदाजावर. छातीला सेन्सर नसतो, पण डोक्याची जागा आणि झुकाव यांवरून बराच अंदाज येतो. डोकं पुढे आहे आणि खाली झुकलेलं आहे, तर धड मागे आहे. डोकं पुढे आहे आणि ताठ आहे, तर माणूस पाऊल टाकून आत आलाय. ताठ झाल्यावरच कुलूप.

त्याला पाऊल टाकावंसं वाटावं म्हणून आत काहीतरी ठेवा, डोकावून पूर्ण दिसणार नाही असं. वर चढणारा प्रकाश किंवा आवाज. मान वर करायला ताठ व्हावं लागतं, ताठ व्हायला पाऊल आत घ्यावं लागतं. सूचना लिहायची गरज पडू नये. जागा मात्र तपासा. सुरक्षेची चौकट, म्हणजे हिंडायला आखून घेतलेली मोकळी जागा, २ बाय २ मीटरची धरली तर ढोली तिच्या कडेला नको, मधोमध हवी. नाहीतर पाऊल टाकलं की हद्दीच्या इशाऱ्याची जाळी दिसणार.

अर्धवर्तुळ

ढोलीच्या बाबतीत एक वेगळीच गंमत. रॅडव्हॅन्स्की आणि सहकाऱ्यांचा २०११ चा अभ्यास आहे. दार ओलांडून दुसऱ्या खोलीत गेलं की हातात काय होतं हे माणूस जास्त विसरतो, तेवढंच अंतर एकाच खोलीत चालला तर कमी. त्यांनी स्क्रीनवरच्या आभासी खोल्यांतही हे पाहिलं. परत आधीच्या खोलीत गेलं तरी आठवण सुधारली नाही. तेव्हा मुळांच्या सीनमध्ये सांगितलेलं काही खोडात वापरायला लावणार असाल तर दाराच्या पलीकडे पुन्हा आठवण करून द्या.

कोनाडा

@अर्धवर्तुळ, हे सोन्यासारखं. मुळांत पाणी कसं शोषलं जातं हे दाखवतो आणि खोडात तेच पाणी वर चढताना दाखवायचं आहे. लोक विचारत होते, 'हे निळं काय आहे?' मला वाटलं रंग चुकला. आता पाण्याचा एक थेंब त्यांच्या हाताला चिकटूनच दाराच्या पलीकडे येईल असं करतो.

नाकासमोर

मान्य, पहिल्यांदा मजा येत असेल. पण तोच अनुभव तिसऱ्यांदा बघणाऱ्याला प्रत्येक वेळी दंडबैठका? शाळेच्या मुलांना दाखवणाऱ्या शिक्षकाचा विचार करा, दिवसभर तोच चालवून दाखवायचा.

तिसराडोळा

रास्त मुद्दा. ज्याने एकदा पूर्ण हालचाल केली आहे, त्याच्यासाठी पुढच्या वेळी उंबरठा सैल करा. पहिल्या वेळी ६५ टक्के, नंतर ७५, मग नुसतं गुडघ्यात वाकलं तरी पुरे. दाखवणाऱ्या शिक्षकाला मात्र तुमचंच बटण द्या, त्याबद्दल वाद नाही.

नाकासमोर

चला, शेवटी बटण आलंच!

पायरी

आणि शेंड्याचं काय झालं? हात वर करून पोचल्यावर खाली पाहिलं तर उंची दिसते. उंचीची भीती असणाऱ्यांना तिथे अचानक नेऊ नका. हात वर जातील तसा उजेड वाढवा, पण पायाखालची फांदी आधी दिसू दे. मी खुर्चीत असूनही अशा ठिकाणी चाकांचे ब्रेक लावते.

कोनाडा

फांदी रुंद केली आहे, आणि हात वर जाताना सगळ्यात आधी तीच दिसते, मग पानं, आभाळ शेवटी. वाऱ्याचा आवाज खोडात असतानाच वरून येऊ लागतो, तो @विंगेतला यांचा हिस्सा.

आता नवीन डोकेदुखी. दोघांनी एकत्र बघायची आवृत्ती मागितली आहे. एक जण खाली बसला आणि दुसरा उभाच राहिला तर? बसलेल्याला मुळं दिसणार, आणि शेजाऱ्याचे नुसते पाय मातीतून वर गेलेले दिसणार?

फ्रेमगळती

पाय दिसू देत की! उभ्या असलेल्याला मात्र जमिनीखालून जोडीदाराचा आवाज येऊ द्या, तो आपणहून वाकून बघेल. पण दोघांच्या कुलपांचा मेळ नेटवर्कवर बसवणं हे वेगळंच प्रकरण आहे, इथे हा धागा भरकटेल. नवीन काढा, मी येतो.

कोनाडा

काढतो. दुवा इथेच डकवेन.